सेल काढलेली बाहुली

४ ऑगस्ट

धाकटे,

मागच्या दोन्ही पत्रांना तुझं उत्तर नाही. पाकिटं परतही आली नाहीत, म्हणजे ती पोचतात आणि तू ती न फोडता कपाटात टाकतेस. टाक. मी लिहायची थांबणार नाही. रविवारी लेकीला फोन करतेस आणि आधी विचारतेस, "ती आहे का तिथे?" ती म्हणजे मी. सख्खी मोठी बहीण. वा गं वा!

तुझी लेक ठीक आहे. पोहण्याच्या संघात तिची निवड झाली. सकाळी तलाव, संध्याकाळी तलाव. केसांना त्या पाण्यातल्या औषधाचा वास कायम, कितीही धुतले तरी जात नाही. मी तिला मासोळीच म्हणते आता. नकलाकार तर अशी झालीये की विचारू नकोस. परवा पोहण्याच्या बाईंचा आवाज काढला, "पाय मारा, पाय! झोपायला आलात का?" मी खिडकीतून बघायला गेले की या बाई आमच्या घरी कशाला आल्या.

आणि हो, वचन पाळतेय. गेल्या वर्षी तू तिला माझ्याकडे सोडायला आलीस, शाळा बघायला म्हणून माझ्या वर्गाच्या दारात डोकावलीस, आणि नेमकी मी एका हातात केळं आणि दुसऱ्या हातात कंडोम धरून उभी! अख्खा वर्ग खिदळतोय आणि तुझा चेहरा पांढराफटक. शाळेची नर्स आहे मी, धाकटे. मोठ्या होणाऱ्या पोरींना त्यांच्या शरीराचं खरं काय ते सांगणं माझं काम आहे. पण तू ऐकायला तयार नाहीस. माझ्या घराच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, "माझ्या मुलीच्या कानावर यातलं काही पडता कामा नये. शाळेत नाही, घरात तर नाहीच. वचन दे." मी दिलं. पोर हातात बॅग घेऊन तिथेच उभी होती. तुला विमान गाठायचं होतं, परमुलखातल्या त्या हॉटेलच्या चादरी धुवायला जायचं होतं, आणि मला भांडण वाढवायचं नव्हतं.

तर माझा तास असला की मासोळी वाचनालयात बसते. एकटी. बाकी साऱ्या पोरी माझ्यासमोर. दिलेला शब्द दिलेला शब्द.

यंदा शाळेत बाहुल्या आल्यात. खेळण्यातल्या नव्हेत, तान्ह्या बाळाएवढ्या, तेवढ्याच जड. पोरींनी त्या सुट्टीत घरी न्यायच्या. बाहुली केव्हाही रडते. पोरीच्या मनगटाला जी पट्टी बांधलेली असते ती तिच्या छातीला लावली तरच गप्प होते. दोन दिवस झोपमोड झाली की पोरींना कळतं, बाळ म्हणजे काय असतं ते. त्यातल्या एका बाळाची मान बिघडलीये. पट्टी लावली तरी थांबत नाही. तीन हुंदके, एक उचकी, मग लांब सूर. पुन्हा तेच. पोरींनी त्याचं नाव ठेवलंय किरकिऱ्या. दुरुस्तीवाला येईपर्यंत मी त्याला घरी आणलंय, मानेला चिकटपट्टी गुंडाळून बघते म्हणून. सेल काढून टाकलेत. स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं होतं, त्यात तेच घातले. चाललंय झकास.

तुझी ताई

१९ ऑगस्ट

धाकटे,

एक विचित्र गोष्ट सांगते. हसू नकोस.

मंगळवारी शाळेतून आले. जिना चढतेय तर वरून रडणं ऐकू आलं. तीन हुंदके, एक उचकी, लांब सूर. ते रडणं मी झोपेतसुद्धा ओळखीन. दार उघडलं तर मासोळी जमिनीवर बसलेली, किरकिऱ्या मांडीवर, त्याच्या मानेखाली तिचा हात. अगदी बरोबर धरलेला. मी तिला कधी शिकवलेलं नाही, कसं शिकवेन?

"रडत होता, म्हणून घेतलं," म्हणाली.

"सेल नाहीत त्यात."

"माहितीये."

मी त्याला उलटा केला, पाठीवरचं झाकण काढलं. आत रिकामं. स्वयंपाकघरात त्याच सेलांवर घड्याळ टिकटिक करत होतं. मी शास्त्र शिकलेली बाई, मी काय घाबरणार? म्हटलं, आत थोडा करंट राहिला असेल. यंत्रांचं काही सांगता येत नाही. इमारतीत दुसरं तान्हं मूलही नाही, मी शेजारणीला विचारून आले.

त्यानंतर रोज ऐकतेय. मी जिन्यात असताना. दाराशी पोचले की थांबतं.

कालपासून किरकिऱ्याच्या अंगात एक पिवळा स्वेटर आहे. तूच विणलेला, तिच्या पहिल्या वाढदिवसाचा. ट्रंकेच्या तळाशी होता, तिने तो हुडकून काढलाय. "त्याला गार वाटतं," म्हणाली. मी हात लावला तर बाहुली गरम होती. माणसाच्या अंगासारखी गरम. मी हात मागे घेतला, खोटं कशाला बोलू.

बाकी ठीक. तिचा कान दुखतोय, म्हणून सध्या पोहायला जात नाही. जेवणही कमी झालंय. या वयात पोरी नखरे करतातच.

ताई

२ सप्टेंबर

धाकटे,

तीन आठवड्यांपूर्वी शाळेत एक प्रकरण झालं, मागच्या पत्रात लिहिलं नाही. पोहण्याच्या संघातली एक मोठी मुलगी, अकरावीतली, शाळा सोडून गेली. का गेली ते मला कळलं, कारण ती आधी माझ्याच खोलीत आली होती. उशिरा आली बिचारी, फार उशिरा. मी मोठ्या बाईंना म्हटलं, संघातल्या सगळ्या पोरींना एकत्र बसवून नीट सांगू या, नाहीतर कुजबुज होईल. त्या म्हणाल्या, "उगाच चर्चा नको. ती बदलीमुळे गेली असं सांगा." मी तोंडावर बोलले त्यांना, "झाकून ठेवल्याने पोरी शहाण्या होत नाहीत." काही उपयोग झाला नाही. कुजबुज झालीच.

मासोळीच्या कानावरही आलं असणार. काल जेवताना ताटातलं नुसतं चिवडत होती. मधेच म्हणाली, "मावशी, ती आमच्याच तलावात पोहायची ना?"

"हो. मग?"

"त्याच पाण्यात मुलांचाही संघ असतो."

"असतो. मग काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला कळलं की हा विषय कुठे चाललाय, आणि जीभ नुसती शिवशिवत होती बघ. पण म्हटलं, "हा विषय आपल्या घरात नको, राणी. तुझ्या आईला शब्द दिलाय मी." ती लगेच "बरं" म्हणाली आणि ताट उचलून गेली. बघ, पाळलं की नाही? शाळेतली कुठलीही पोर माझ्या दारावर टकटक करू शकते. एक हीच करू शकत नाही, कारण दार तिच्या घरातच आहे.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "मावशी, किरकिऱ्या मोठा व्हायला किती दिवस लागतील?"

"तो नाही गं मोठा होत. बाहुली आहे ती."

"खायला नाही दिलं तर लहानच राहतो ना?"

मी हसले. म्हटलं, "दिलं तरी लहानच राहतो." मग तिने आतून दार लोटून घेतलं. मला का कोण जाणे, हसल्याचं बरं वाटलं नाही.

आता मला त्या बाहुलीची भीती वाटायला लागलीये, हे तुला म्हणून सांगते. मी घरात आले की ती माझ्याकडे तोंड करून असते. खुर्चीत असो, पलंगावर असो, तोंड दाराकडे. अंगाला तलावाच्या पाण्याचा वास येतो. मासोळी तर पंधरा दिवस तलावावर गेलेली नाही, मग वास कुठून? उचलून बघितली तर पहिल्यापेक्षा जड लागली. मी म्हटलं, "काय भरलंस गं यात?" तर म्हणाली, "मी कशाला भरू? तो आपोआप होतोय."

दुरुस्तीवाला पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. एकदाची जाऊ दे ही ब्याद घरातून.

ताई

९ सप्टेंबर

धाकटे,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

आज सकाळी मासोळी अंघोळीला गेली होती तेव्हा मी किरकिऱ्याला पिशवीत घालून शाळेत नेलं. दुरुस्तीवाला आलाच नाही. दिवसभर तो माझ्या टेबलाखाली पिशवीत होता. हूं की चूं नाही. संध्याकाळी पुन्हा घरी घेऊन निघाले.

जिना चढतेय. पिशवी माझ्या खांद्याला. त्याचं डोकं माझ्या बरगडीला लागतंय. आणि वरून, आपल्या घरातून, किरकिऱ्या रडतोय.

तीन हुंदके. उचकी. लांब सूर.

मी पिशवीत हात घातला. तो होता. गार होता, दगडासारखा. माझ्या हाताखाली गप्प, आणि वर रडतोय. मी जिन्याचा कठडा धरून उभी राहिले, धाकटे. एवढी वर्षं मी नर्स आहे, काय काय पाहिलंय मी, पण असं कधी झालं नव्हतं. वाटलं, खाली पळून जावं. मग एकदम लक्षात आलं, वर पोर एकटी आहे.

पुढचं उद्या लिहिते. ती आता झोपलीये, मी तिच्याजवळ बसले आहे.

ताई

१० सप्टेंबर

धाकटे,

हे पत्र तरी फोड. तुझ्या पाया पडते, फोड.

मी दार उघडलं. या वेळी रडणं थांबलं नाही. माझी चप्पल वाजली नव्हती ना, भीतीने मी ती जिन्यातच काढून आले होते. आवाज आतल्या खोलीच्या कपाटातून येत होता. कपाटाचं दार ओढलं. तुझी लेक आत, कपड्यांच्या खाली, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. पोटावर माझी गरम पाण्याची पिशवी. तोंड उघडं, आणि त्या तोंडातून किरकिऱ्याचा आवाज येत होता. हुबेहूब. डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि आवाज यंत्राचा.

मला पाहिलं तरी थांबता येईना तिला. दोन वेळा तेच चक्र पूर्ण झालं, मग उचकीवर अडकली.

मी खाली बसले. पिशवीतला किरकिऱ्या जमिनीवर ठेवला. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तू त्याला नेलंस. मग मला रडताच येईना. माझ्या आवाजात रडले असते तर तू विचारलं असतंस."

"काय विचारलं असतं, बाळा?"

"मावशी, तू रागावू नकोस. माझ्या पोटात आहे."

मी तिचा हात हातात घेतला. आणि माझ्या खोलीत आलेल्या प्रत्येक पोरीला जो विचारते तोच प्रश्न विचारला, तसाच हळू. कोण? कुणी काही केलं का? कुणी धाक घातला का?

"कुणी नाही. खरंच कुणी नाही. पाण्यातून झालं."

मी पुन्हा विचारलं, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. मला त्यातलं खरंखोटं कळतं. खरंच कुणी नव्हतं, धाकटे. पाळी दोन महिने आली नव्हती. संघातली ती मोठी मुलगी गेली तेव्हा पोरी कुजबुजल्या की तलावाच्या पाण्यातूनच राहिलं तिला, मुलं त्याच पाण्यात उतरतात ना. माझ्या तासाला बसणाऱ्या पोरी यावर खो खो हसल्या. थोडं आधीच मी त्यांना सांगितलं होतं की असं कधीही होत नाही. तेव्हा मासोळी वाचनालयात होती. तिने विश्वास ठेवला. तिचा हिशोब पक्का होता: पाणी तेच, पाळी नाही, म्हणजे तेच.

मग तिने खाणं सोडलं. पोटातलं लहान राहावं म्हणून. खाणं सुटलं, त्यात आधीची ती दिवसातून दोन वेळची मेहनत, पाळी आणखीच लांबली. जेवढी पाळी लांबली तेवढी खात्री वाढली. आज सकाळीच डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. त्या म्हणाल्या, अंगात काही उरलेलं नाही पोरीच्या, शरीराने पाळी थांबवली ती स्वतःला वाचवायला. आणखी असंच चाललं असतं तर हृदयाला धोका होता. स्वेटर चढवलेली बाहुली मला दिसली गं, कपड्यांआडची पोरीची हाडं नाही दिसली.

काल कपाटापाशी मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

म्हणाली, "तू आईला शब्द दिला होतास. मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि तुझा शब्द मोडला असता. मग आईने मला तुझ्याकडून नेलं असतं. हॉटेलात मुलांना ठेवून घेत नाहीत."

एवढंसं पोर आपल्या दोघींचं भांडण सांभाळत होतं, धाकटे, पोटात ते ओझं घेऊन.

गर्भचाचणीच्या पट्ट्या माझ्या पिशवीत कायम असतात. डॉक्टरांकडे नेण्याआधी तिला डोळ्यांनी दिसायला हवं होतं. करून दाखवली. एक रेघ. म्हटलं, "बघ, एकच रेघ. म्हणजे नाही. काहीही नाही, कधी नव्हतंच." मला वाटलं, आता गळ्यात पडेल, हसेल.

ती पट्टीकडे बघत राहिली. मग पोटावरची ती गरम पिशवी बाजूला केली, खाली बघितलं आणि विचारलं, "मग ते गेलं कुठे?"

मी तिला जवळ ओढलं. महिनाभर ती पोटातल्याशी बोलत होती. त्याला उबेत ठेवत होती आणि उपाशीही ठेवत होती. किरकिऱ्यावर सराव करत होती, ते आल्यावर आपल्याला जमावं म्हणून. बाहुली गरम असायची ती याच पिशवीमुळे. जड व्हायची, कारण तिची न धुतलेली पोहण्याची टोपी, टॉवेल, सगळं त्याच्या पोटात कोंबलेलं होतं. तलावाचा वासही त्याचाच.

मग मी शब्द मोडला. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवलं, समोर दूध ठेवलं आणि सगळं सांगितलं. पाळी म्हणजे काय, मूल कसं राहतं, कसं राहत नाही, पाण्यातून का होऊच शकत नाही. आणि पुढे कधी तिने मोठं झाल्यावर ठरवलं तर स्वतःला जपायचं कसं, तेही. केळं मात्र नव्हतं घरात. तिने एकामागून एक इतके प्रश्न विचारले की दूध गार झालं. एकही प्रश्न घाण नव्हता, धाकटे. एकही नाही.

शेवटी मी म्हटलं, "नक्कल मात्र जबरदस्त केलीस हो. पहिल्या दिवसापासून मला फसवलंस."

ती म्हणाली, "पहिल्या दिवशी मी नव्हते. पहिल्या दिवशी तोच रडला. मी त्याचं ऐकून शिकले."

"त्यात सेल नव्हते."

"हो, मी पण तेच म्हटलं त्याला."



ताई

३० सप्टेंबर

धाकटे,

किरकिऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. मी त्याच्याबरोबर घड्याळातले सेलही पाठवले. घरात त्याचं काही नको. घड्याळात नवे घातलेत.

मासोळी आता माझ्या तासाला बसते, पहिल्या बाकावर. तुला विचारलेलं नाही, सांगतेय. पाण्यातून काय होतं आणि काय होत नाही, हे तिने अख्ख्या वर्गाला उभं राहून सांगितलं. मोठ्या बाईंची नक्कल करून! पोरी हसून लोळायच्याच बाकी होत्या. मी रागावले नाही. आता नीट जेवते आहे ती. चेहरा थोडा भरलाय.

गेल्या शनिवारी जिना चढताना पुन्हा रडणं ऐकलं. मी पुन्हा कठडा धरला. पण हे वेगळं होतं. ना तीन हुंदके, ना उचकी. वेडंवाकडं, घसा खरवडल्यासारखं, मधेच नाक ओढल्याचा आवाज. दार उघडलं तर ती पलंगावर पालथी पडून भोकाड पसरून रडत होती. वजन भरेपर्यंत तलावात उतरायचं नाही असं पोहण्याच्या बाईंनी सांगितलं, म्हणून. मी जवळ बसले, पाठीवरून हात फिरवला, आणि मनात म्हटलं, हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकतेय. वर्षभर पोर माझ्या घरात आहे, आणि ती रडते कशी हे मला ठाऊकच नव्हतं.

म्हणून आता तुला एक सांगते, मग भांडायला ये, मी दार उघडं ठेवते. रविवारी तू विचारतेस "कशी आहेस?" आणि ती म्हणते, "मी मजेत आहे, तू कशी आहेस?" ते सगळं चालू होतं तेव्हाही तिने दर रविवारी हेच सांगितलं. मी शेजारीच असायचे. परवा फोन ठेवल्यावर मी तिचं ते बोलणं नीट आठवून पाहिलं.

तो आवाज तिचा नाही, धाकटे. तुझा आहे. तिकडून चादरी धुऊन दमून आलीस तरी तू जसं "मी मजेत आहे" म्हणतेस ना, हुबेहूब तसा.

तुझी ताई